क्लब कोणाचा?



या व्याख्यानमालेच्या पुस्तिकेत संतसाहित्य, नाटक, सीमाभागातली बोली अशा विषयांवरचे लेख तुम्ही वर्षानुवर्षे वाचत आला आहात. त्यात बेळगावच्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरने फुटबॉलवर, तेही विलायतेतल्या फुटबॉलवर लिहावे, हे तुम्हांला थोडे चमत्कारिक वाटेल. मलाही आधी वाटले होते. पण ज्या प्रश्नाने मला या विषयाकडे ओढले, तो फुटबॉलपुरता नाही. एखादी संस्था ज्यांनी वाढवली त्यांची असते, की ज्याने विकत घेतली त्याची? आणि बाहेरचा कोणी पैसेवाला दारात आला, तर त्याला ओवाळावे की दार लावून घ्यावे?

प्रश्न सुचला तो दिवस लक्षात आहे. २ मे २०२१, रविवार. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. दिवसभर घरी बसून बेळगाव लोकसभेच्या पोटनिवडणुकीची मतमोजणी पाहिली. रात्री नऊच्या सुमारास धाकट्या मुलाने चॅनेल बदलले. मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना सुरू व्हायचा होता. त्याऐवजी पडद्यावर भलतेच दिसत होते. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी असलेल्या ओल्ड ट्रॅफर्डच्या रिकाम्या मैदानात शेकडो माणसे शिरली होती आणि हिरव्या-सोनेरी धुराची नळकांडी पेटवत होती.

“अप्पा, लोक मैदानात घुसलेत.”

“का? हरले काय?”

“अजून मॅच सुरूच नाही झाली. मालकावर राग आहे त्यांचा. क्लब विकून निघून जा म्हणतात.”

“मालक पैसे घालत नाही?”

“घालत नाही, उलट काढून नेतो म्हणतात.”

तो सामना त्या रात्री झाला नाही. मला मात्र झोप येईना. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी हा एक. त्याच्या चाहत्यांना नेमके काय दुखते आहे? दवाखान्यात रोगी “डोके दुखते” म्हणाला की आम्ही लगेच औषध देत नाही. कधीपासून, कोणत्या बाजूला, कशाने वाढते, कशाने थांबते, असे विचारत बसतो. या दुखण्याचीही तशीच चौकशी करायचे मी ठरवले. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला बाहेरचा माणूस

मँचेस्टर युनायटेडचा जन्म १८७८ सालचा. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातले कामगार न्यूटन हीथ नावाच्या भागात सुटीच्या दिवशी खेळत. त्यांच्या संघाचे नावही तेच, न्यूटन हीथ. सदरे हिरवे आणि सोनेरी. पुढे संघ रेल्वेपासून वेगळा झाला, कर्जात बुडाला, आणि १९०२ मध्ये बंद पडायच्या बेतात आला. तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस नावाचे बिअरच्या धंद्यातले एक श्रीमंत गृहस्थ पुढे आले. त्यांनी आणि काही साथीदारांनी कर्ज फेडले, संघाला नवे नाव दिले आणि लाल रंग दिला. १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान उभे राहिले तेही त्यांच्याच पैशावर.

ही गोष्ट मुद्दाम आधी सांगतो. चाहत्यांचा राग बाहेरच्या पैशावर असतो असे आपण पटकन समजतो. पण या क्लबचे नाव, रंग आणि मैदान ही तिन्ही बाहेरच्या एका माणसाच्या पैशातून आली आहेत, आणि त्याबद्दल कोणी चाहता त्या माणसाला नावे ठेवत नाही. म्हणजे दुखणे ‘बाहेरचा’ या शब्दात नाही. डेव्हिस यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून क्लबमध्ये घातले. एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

१९९१ मध्ये क्लबचे शेअर लंडनच्या बाजारात विक्रीला आले. पुष्कळ साध्या चाहत्यांनी चार-दोन शेअर घेतले. त्यांत फायद्याचा हिशेब फारसा नव्हता. क्लबचा एक कण आपल्या नावावर आहे, इतकेच समाधान. पण बाजारात ठेवलेली वस्तू कोणीही घेऊ शकतो. १९९८ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने सुमारे ६२ कोटी पौंडांना सगळा क्लब मागितला. संचालक मंडळ कबूल झाले. चाहत्यांनी संघटना बांधल्या, छोट्या भागधारकांना एकत्र केले, सरकारच्या मक्तेदारी आयोगापुढे लेखी म्हणणे मांडले. त्यांचा मुद्दा अगदी सरळ होता: सामने दाखवण्याचे हक्क जो विकत घेतो त्याचाच एक संघ असला, तर हक्कांच्या लिलावात तो दोन्ही बाजूंना बसेल. एप्रिल १९९९ मध्ये सरकारने हा व्यवहार रोखला. सामान्य प्रेक्षकांनी कागदोपत्री लढून एवढा मोठा सौदा मोडला, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

घर तारण ठेवून त्याच घराची खरेदी

सहा वर्षांनी मात्र ते हरले. माल्कम ग्लेझर हे अमेरिकेतले उद्योगपती, तिकडच्या अमेरिकन फुटबॉलच्या एका संघाचे मालक. २००३ पासून ते युनायटेडचे शेअर थोडे थोडे घेत होते. मे २००५ मध्ये दोन आयरिश गुंतवणूकदारांचा मोठा हिस्सा त्यांनी घेतला आणि पारडे फिरले. कायद्याने ठरावीक मर्यादेपलीकडे शेअर एकाच्या हाती आले की उरलेल्यांनाही आपले शेअर विकणे भाग पडते. ज्यांनी “मरेन पण विकणार नाही” म्हटले होते, त्यांच्या हातीही शेवटी धनादेश आला. क्लबची किंमत झाली सुमारे ७९ कोटी पौंड.

आता खरे दुखणे. या ७९ कोटींपैकी अर्ध्याहून पुष्कळ अधिक रक्कम ग्लेझर यांनी कर्जाऊ उभी केली होती. आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेच्या तारणावर होता. जो क्लब आदल्या महिन्यापर्यंत कर्जमुक्त होता, तो विकत घेतला जाताच कर्जबाजारी झाला. हे कर्ज नव्या खेळाडूंसाठी किंवा मैदान बांधण्यासाठी काढलेले नव्हते. स्वतःच्याच खरेदीचा खर्च क्लबच्या डोक्यावर बसला होता.

हे आपल्या गावात कसे दिसेल, पाहा. समजा, तुमच्या वाचनालयाची इमारत घ्यायला एक गृहस्थ आले. ते म्हणाले, “माझ्याकडे थोडे पैसे आहेत, बाकीचे बँक देईल. तारण म्हणून तुमची हीच इमारत लिहून देतो. हप्ते तुमच्या सभासदांच्या वर्गणीतून जातील. इमारत माझी.” तुम्ही त्यांना चहा तरी विचाराल का? पण कंपनी-व्यवहारात ही रीत कायदेशीर आहे, आणि तिच्यामागे एक तर्कही आहे. सुस्त चालवलेल्या धंद्यावर कर्जाचा बोजा आला की व्यवस्थापन जागे होते, उत्पन्न वाढवते, असे म्हणतात. एखाद्या बिस्किटांच्या कारखान्यात ते खरेही ठरेल. बिस्किटे महागली तर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचा पुडा घेते.

फुटबॉलचे गिऱ्हाईक तसे करू शकत नाही, आणि सगळी गुंतागुंत इथेच आहे. ज्याचे आजोबा लाल मफलर गळ्यात घालून ओल्ड ट्रॅफर्डला जात, तो तिकीट महागले म्हणून शेजारच्या मँचेस्टर सिटीचा चाहता होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याला पर्याय नाही, आणि ज्याला पर्याय नाही त्याच्याकडून हवे तितके पैसे काढता येतात. गुंतवणूकदाराला क्लब आवडतो त्याचे एक कारण ही निष्ठाच आहे. म्हणजे चाहत्याचे प्रेम हेच त्याच्या विरुद्ध वापरण्याचे साधन होते. हे त्याच्या लक्षात आले की तो चिडतो.

हिशेबाची दुसरी बाजू

एकाच वस्तूकडे अनेक अंगांनी पाहावे, असे आम्हां जैनांना लहानपणापासून शिकवतात. तेव्हा ग्लेझर कुटुंबाची बाजूही पाहू. त्यांच्या मालकीत युनायटेडने २००७, २००८, २००९, २०११ आणि २०१३ असे पाच वेळा प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवले. २००८ मध्ये युरोपचा चषक जिंकला. जाहिरातींचे उत्पन्न अनेक पटींनी वाढले. मैदानाची आसने वाढून सुमारे ७५ हजारांवर गेली. ज्याने पैसा आणि जोखीम घातली त्याने परतावा मागितला, तर त्यात पाप काय?

पण निषेध कधी झाला, ते पाहा. जिंकण्याच्या ऐन काळात झाला. २०१० च्या आरंभी जुनी कर्जे फेडण्यासाठी क्लबने सुमारे ५० कोटी पौंडांचे रोखे काढले आणि त्यानिमित्ताने कर्जाचे आकडे सर्वांपुढे आले. तेव्हा लाल संघाचे हजारो चाहते हिरव्या-सोनेरी मफलरी घालून येऊ लागले, न्यूटन हीथच्या रंगांच्या. त्याच मार्च महिन्यात डेव्हिड बेकहॅम ए. सी. मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डवर खेळायला आला होता. सामना संपल्यावर प्रेक्षकांनी टाकलेली तशीच एक मफलर त्याने उचलून गळ्यात घातली, आणि ते छायाचित्र जगभर गेले. रेल्वे कामगारांचे रंग चाहत्यांनी सव्वाशे वर्षांनी पुन्हा अंगावर घेतले, मालकाला एवढेच सांगायला की क्लब तुमच्या आधीपासून आहे.

२०१२ मध्ये क्लबचे काही शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. पण ग्लेझर कुटुंबाकडच्या शेअरना दर शेअरमागे दहा मते, बाकीच्यांना एक. म्हणजे तुम्ही भागधारक व्हा, पैसे द्या, पण बोलायचे आम्ही. २०१३ नंतर लीगचे विजेतेपद आलेले नाही. आणि १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी ‘सुपर लीग’ जाहीर केली. त्यांत युनायटेडही होता. या स्पर्धेत संस्थापक क्लबांचे स्थान कायमचे, हरले तरी बाहेर पडणे नाही. चाहत्यांना कोणी विचारले नव्हते. इंग्लंडभर ते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. मी टीव्हीवर पाहिलेला प्रकार त्यानंतर दोन आठवड्यांनी घडला. सोळा वर्षांची तक्रार त्या रात्री मैदानात उतरली होती.

निघून गेलेले

तुम्ही विचाराल, इतका त्रास होता तर ते सोडून का गेले नाहीत? काही गेले. २००५ च्या उन्हाळ्यात काही चाहत्यांनी एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा नवा क्लब काढला आणि इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीपासून सुरुवात केली. नियम एकच: एक सभासद, एक मत, शंभर पौंड दिले तरी एक, हजार दिले तरी एक. सामान्य लोकांकडून सुमारे २० लाख पौंडांचे भागभांडवल जमवून, बाकी अनुदाने आणि कर्ज यांची जोड देऊन त्यांनी २०१५ मध्ये स्वतःचे मैदान उभे केले.

हे सगळे गोडच झाले असे नाही. मैदानाच्या कर्जावरून आणि कारभारावरून २०१६ मध्ये सभासदांतच मोठे भांडण झाले. सभासदांची संस्था म्हणजे शहाण्यांची सभा, असा भ्रम आपल्यापैकी कोणाला असायचे कारण नाही. फरक इतकाच की भांडण त्यांच्या घरात झाले आणि घरातच मिटवावे लागले.

विम्बल्डनच्या लोकांची गोष्ट याहून कडवट. टेनिससाठी आपल्याला माहीत असलेल्या या लंडनच्या उपनगराचा जुना फुटबॉल क्लब मालकांनी सुमारे ९० किलोमीटर दूर, मिल्टन कीन्झला हलवायचे ठरवले. २००२ मध्ये तशी परवानगी मिळाली. चाहत्यांनी काही आठवड्यांत ए. एफ. सी. विम्बल्डन हा नवा क्लब काढला. खेळाडू निवडण्यासाठी सार्वजनिक माळावर चाचण्या घेतल्या. नऊ वर्षांत, २०११ मध्ये, तो क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोचला. पुढे आपल्या जुन्या वस्तीत मैदान बांधताना पैसे कमी पडले, आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा देण्याचा विचार पुढे आला. सभासद बिथरले. एकदा मालकाने क्लब उचलून नेलेला त्यांनी पाहिला होता. त्यांनी रोखे काढून ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम आपसांत उभी केली. २०२० मध्ये क्लब घरी परतला.

आधीच लिहून ठेवलेला नियम

जर्मन लोकांनी हा प्रश्न आधीच कागदावर सोडवून ठेवला आहे. १९९८ पासून तिथल्या नियमानुसार क्लबने फुटबॉलची वेगळी कंपनी काढली तरी मतांचा निम्मा हिस्सा आणि वर एक मत मूळ सभासद-संस्थेकडे राहिले पाहिजे. यालाच ‘पन्नास अधिक एक’ म्हणतात. गुंतवणूकदाराला मनाई नाही. बायर्न म्युनिकमध्ये अ‍ॅडिडास, आउडी आणि आलियान्झ या तीन कंपन्यांचे प्रत्येकी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास भाग आहेत. ७५ टक्के सभासदांच्या संस्थेकडे. पैसा घ्या, सल्ला घ्या, शेवटचा शब्द विकू नका, एवढाच अर्थ. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कारखान्यांनी वाढवलेले क्लब याला अपवाद.

डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या व्यावसायिक लीगच्या ३६ क्लबांपैकी २४ जणांनी ठराव केला की लीगच्या प्रक्षेपण-उत्पन्नातला आठ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा वीस वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूक कंपनीला द्यावा. दोन-तृतीयांश मते हवी होती, नेमकी तेवढीच पडली. मग चाहत्यांनी काय केले? सामन्याच्या सुरुवातीची बारा मिनिटे एकही आवाज काढायचा नाही. जिथे हजारो माणसे एका सुरात गातात तिथे ती शांतता अंगावर येते. त्यानंतर मैदानात टेनिसचे चेंडू टाकायचे, चॉकलेटची सोनेरी नाणी टाकायची. रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्याही मैदानात सोडल्या. खेळ थांबे, चेंडू वेचले जात, पुन्हा पडत. गुंतवणूकदार जो माल विकत घेणार होता, तो म्हणजे वेळेवर चालणारा, गजबजलेला सामना. तो मालच चाहत्यांनी नासवून दाखवला, आणि कोणाला ओरखडाही न काढता. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लीगने सगळी बोलणी थांबवली.

कोलकाता आणि मडगाव

आपल्याकडे असे काही होते का? होते. मोहन बागानची स्थापना १८८९ ची. १९११ मध्ये या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय. एफ. ए. शिल्ड जिंकली. एक सोडून सगळे खेळाडू अनवाणी होते. तो विजय बंगालने खेळापेक्षा मोठा मानला. अशा क्लबच्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा जानेवारी २०२० मध्ये एका उद्योगसमूहाने घेतला. त्या समूहाचा ए. टी. के. हा नवा संघ आधीपासून होता. दोन्ही मिळून नाव झाले ए. टी. के. मोहन बागान. सदऱ्याचे हिरवे-तांबडे रंग राहिले, पण शंभर वर्षांहून जुन्या नावापुढे सहा वर्षांच्या संघाची तीन अक्षरे लागली. ती तीन अक्षरे काढा, ही चाहत्यांची मागणी तीन वर्षे चालू राहिली. मार्च २०२३ मध्ये संघाने गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर आय. एस. एल.ची अंतिम लढत जिंकली, आणि त्याच रात्री मालकांनी ती अक्षरे काढत असल्याचे जाहीर केले.

या चाहत्यांनी पैसा परत करा म्हटले नव्हते. त्या पैशाशिवाय वरच्या लीगमध्ये खेळता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. शेजारच्या ईस्ट बंगालमध्ये तर २०२१ च्या जुलैत, गुंतवणूकदाराच्या करारावर क्लबने सही करावी की नाही, यावरून चाहत्यांचेच दोन गट क्लबच्या दारात समोरासमोर आले आणि पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. सही केली तर हक्क जातात, नाही केली तर हंगाम जातो. दोन्ही गटांचे प्रेम खरे होते.

गोव्यातल्या वाचकांना वेगळाच अनुभव आहे. तिथले मोठे क्लब खाण-उद्योगातल्या घराण्यांनी प्रेमाने चालवले. धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पण २०१६ मध्ये देशातल्या फुटबॉलची रचना बदलू लागली, तेव्हा साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. मालकांना त्यांची कारणे होती. पण चांगल्या मालकाचीही एक मर्यादा दिसते: तो थांबला की सगळे थांबते, आणि प्रेक्षकाला त्या निर्णयात खुर्ची नसते.

काय विकत मिळते?

या सगळ्याचा अर्थ लावताना मला आमच्या बस्तीतली एक रीत आठवली. पंचकल्याणक पूजा असो की महामस्तकाभिषेक, पहिला कलश घालण्याचा मान सवाल बोलून दिला जातो. जो जास्त बोलेल त्याचा मान. पैसा उघड बोलला जातो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, आणि त्या पैशावरच बस्तीची दुरुस्ती होते. पण सर्वांत मोठा सवाल बोलणाराही कलश घालून खाली उतरतो. मूर्ती त्याची होत नाही. फरशीवर नाव लागते, किल्ली विश्वस्तांकडे राहते. काय सवालात ठेवायचे आणि काय नाही, हे आधी ठरलेले असल्यामुळे दात्याचाही मान राहतो आणि समाजाचाही.

मँचेस्टरमध्ये हे आधी ठरलेले नव्हते. सगळेच सवालात होते. म्हणून भांडण अजून चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा पाव हिश्शाहून थोडा अधिक भाग घेतला आणि फुटबॉलचा कारभार हाती घेतला. हे मँचेस्टरच्याच परिसरात जन्मलेले, लहानपणापासून याच संघाचे चाहते. घरचा माणूस आला म्हणून पुष्कळांना आनंद झाला. वर्षभरातच शेकडो कर्मचाऱ्यांना काढले गेले. हंगामाच्या मध्येच उरलेल्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड झाला आणि मुलांची व ज्येष्ठांची सवलत गेली. चाहते पुन्हा, या वेळी काळे कपडे घालून, मोर्चाने निघाले. परका किंवा घरचा, हा निकष इथेही लागू पडला नाही.

मग कोणता निकष लागू पडतो? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. येणारा पैसा संस्थेत आत येतो आहे, की संस्थेतून बाहेर जाणार आहे? शेवटचा शब्द कोणाचा राहणार? आणि जे कधीच विकायचे नाही ते आधी लिहून ठेवले आहे का? डेव्हिस पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होतात, ग्लेझर नापास. जर्मन क्लब दुसऱ्यात उत्तीर्ण. कोलकात्याचे भांडण तिसऱ्यावर झाले. इंग्लंडने २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभारासाठी कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. क्लबचे बोधचिन्ह, सदऱ्याचे मुख्य रंग आणि मैदान यांना हात लावण्यावर आता बंधने आली आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना, लिहिले गेले.

आपल्या दाराशी

शेवटी एक कबुली. मी ज्या वाचनालयाचा आजीव सभासद आहे, तिथे मागे एका बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव आला. जुनी इमारत पाडायची, खाली दुकाने, वाचनालय तिसऱ्या मजल्यावर, आणि नव्या इमारतीला त्यांच्या वडिलांचे नाव. इमारत गळते आहे, पुस्तकांना वाळवी लागते आहे, हे खरेच. प्रस्ताव वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. पण वार्षिक सभेत गणपूर्ती झाली नाही. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच जागी, हजर होते त्या अकरा जणांत पुन्हा सुरू झाली. त्या अकरांत मी नव्हतो. सलग तीन वर्षे नव्हतो. दवाखान्याची वेळ, दुसरे काय! एका म्हाताऱ्या शिक्षिकेने विचारले की तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर आम्ही वर्तमानपत्र कुठे वाचायचे. तेवढ्यावर निर्णय पुढच्या सभेवर गेला. त्या बाईंना ‘पन्नास अधिक एक’ ठाऊक नसेल, पण त्या हजर होत्या.

मँचेस्टरच्या चाहत्यांकडे मत नव्हते, म्हणून त्यांना कुंपण ओलांडून मैदानात शिरावे लागले. तुमच्या-माझ्याकडे मत आहे. ते वापरायला संध्याकाळचे दोन तास आणि एक खुर्ची लागते. यंदाच्या सभेची सूचना आली आहे. प्रस्ताव पुन्हा विषयपत्रिकेवर आहे, पाचवा विषय. त्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद राहील, अशी पाटी मी लिहून ठेवली आहे. तिन्ही प्रश्न विचारून मग मत देईन. कदाचित बाजूनेही देईन.